पाठीमागचा एक अंश

देवराव गजभिये नागपूरच्या सदर भागात सायकलवरून दुर्बीण आणायला गेला, त्या कामात भीतीचं काही नव्हतं. वात जरा पुढं करा आणि नीट ऐका, कारण पुढं जे झालं ते अशाच साध्यासुध्या कामांतून झालं.

पंच्याऐंशी सालचा नोव्हेंबर. हॅलेचा धूमकेतू शहात्तर वर्षांनी परत येत होता आणि नागपुरात पानठेल्यापासून वर्तमानपत्रापर्यंत त्याचीच चर्चा होती. देवराव एका कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत पोरांकडून प्रयोग करून घ्यायचा. धूमकेतूचं त्याला स्वतःला तेवढं वेड नव्हतं. वेड होतं त्याच्या बायकोला. पुष्पलता प्राथमिक शाळेत शिकवायची. लहानपणी सांध्यांचा ताप येऊन तिच्या हृदयाची एक झडप खराब झाली होती आणि डिसेंबरात वेल्लोरला ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरांनी धीर दिला होता आणि कागदावर सहीही घेऊन ठेवली होती.

"टेबलावर जायच्या आधी मले तो धूमकेतू दाखवा," ती म्हणाली होती. "माह्या आजीनं पाह्यला होता. मीबी पाहीन. मंग जे होईन ते होईन."

देवरावनं शब्द दिला. आजवर तिनं त्याच्याकडे फारसं काही मागितलंच नव्हतं, म्हणून हा शब्द त्याच्या जिवाला लागून राहिला होता.

दुर्बीण होती मार्तंडरावांची. सर्व्हे खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, वर्षभरापूर्वी वारले. त्यांच्या पत्नी यमुताई सदरच्या मागच्या गल्लीत एकट्याच राहायच्या. त्यांनी ओसरीवर आणून ठेवलेली पेटी देवरावनं उघडली. आत तीन इंची पितळी नळी, तिपाई, डोळ्याकडचं एकच भिंग, म्हणजे आयपीस. सगळं लख्ख होतं. फक्त पेटीला ओल्या घोंगडीचा वास येत होता आणि पेटी तर आतून ठणठणीत कोरडी.

"ते इथंच बसत," यमुताईंनी ओसरीवरची खुर्ची दाखवली. खुर्ची भिंतीला अगदी चिकटवून ठेवली होती. "पाठ भिंतीले टेकूनच. समोर एवढं मोठं अंगण, पण तिथं नाही बसले कधी. मी एकदा चहा घेऊन मागून गेली तर माह्यावर खेकसले. उभ्या जन्मात तेवढे एकदाच."

"पाठ दुखत असन त्यांची," देवराव म्हणाला.

"असन भाऊ. मले काही सांगितलं नाही."

पेटी कॅरिअरला बांधून तो गल्लीत आला तेव्हा त्याच भिंतीची बाहेरची बाजू त्याला दिसली. सगळीकडे चुन्याचे पोपडे, आणि मधेच एक जागा घासून गुळगुळीत झालेली. "गाई अंग घासून जातात," यमुताई दारातून म्हणाल्या. देवरावनं मान हलवली आणि पायडल मारलं.

त्याचं भाड्याचं घर फुटाळा तलावाच्या मावळतीच्या अंगाला, वस्तीपासून जरा सुटं होतं. पुष्पलताला मोकळी हवा मिळावी म्हणून घेतलेलं. घराच्या एका बाजूला अंगण. अंगणातून उगवतीला तोंड केलं की समोर तलाव, तलावापलीकडे बांध, त्याच्यामागे शहराचे दिवे. पाठीमागे पडीक रान आणि बाभळी. दिवाळीआधी घरमालकानं चारी बाजूंनी चुना मारून दिला होता, त्यामुळे घर अंधारातही पांढरं दिसायचं.

आता दुर्बीण हाती आली म्हणजे धूमकेतू दिसला असं नसतं. दुर्बिणीतून आकाशाचा एक गोल तुकडा तेवढा दिसतो. तो तुकडा केवढा, म्हणजे दुर्बिणीचं दृष्टिक्षेत्र किती, हे आधी ठाऊक पाहिजे. नाहीतर एवढ्या आकाशात माणूस वांझोटं भटकत राहतो. देवराव ते पहिल्या रात्रीच मोजायला बसला. रीत सोपी आहे. आकाशाच्या मधल्या पट्ट्यातला एक तारा धरायचा, दुर्बीण जागच्या जागी पक्की करायची आणि तारा गोलाच्या एका कडेनं आत येऊन बरोबर मधून दुसऱ्या कडेनं बाहेर जाईपर्यंत वेळ मोजायचा. तारा कुठं जात नसतो, आपणच फिरत असतो, दर चार मिनिटांना एक अंश.

मृगातल्या बाणाचा सगळ्यात वरचा तारा तलावावर आला तसा त्यानं डोळा लावला. मागे वेताच्या खुर्चीत पुष्पलता शाल पांघरून, टॉर्चला लाल कागद लावून, घड्याळ घेऊन बसली होती.

"आला," तो म्हणाला.

बऱ्याच वेळानं, "गेला."

"चार मिनिटं," ती म्हणाली. पुन्हा केलं, पुन्हा चार. एक अंश. दोन चंद्र शेजारी शेजारी ठेवले तर मावतील एवढं आकाश.

पुष्पलताला हे फार आवडलं. वर्तमानपत्रातला आकाशाचा नकाशा तिनं पाटावर पसरला, एका अंशाएवढं शर्टाचं बटन शोधून काढलं आणि कृत्तिकांच्या झुबक्यापासून धूमकेतूच्या जागेपर्यंत ते सरकवत नेलं. "बटनाची साडेतीन घरं," ती म्हणाली. त्या रात्री मात्र ढग आले.

दुसऱ्या संध्याकाळी उजेड असतानाच त्यानं दुर्बीण समोरच्या बांधावर लावली. भिंग बरोबर बसलंय का, तेवढं पाहायला. असल्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. बांध वर, त्याच्यावरची झाडं खाली लोंबणारी, पाणी आकाशाच्या जागी. देवरावला त्याची इतकी सवय होती की त्याला ते उलटं वाटायचंही नाही. त्या गोलात कडेला एक माणूस उभा होता. डोक्यावरून घोंगडी घेतलेला, काळा, किडकिडीत. नुसता उभा.

देवराव सवयीनं हिशेब करू लागला. एक अंश म्हणजे अर्ध्या किलोमीटरवर साधारण नऊ मीटर. माणूस गोलाच्या पाचव्या हिश्शाएवढा, म्हणजे तो अर्ध्या किलोमीटरवरच. बांध तेवढाच लांब आहे. हिशेब जुळला आणि त्याला बरं वाटलं. कोणी कोळी असेल, कोणी गुराखी. त्यानं दुर्बिणीवरून नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. बांधावर कोणी दिसलं नाही, पण तेवढ्या लांबचा माणूस संधिप्रकाशात कसा दिसणार?

तिसऱ्या संध्याकाळी तो माणूस गोलाच्या निम्म्याएवढा झाला होता.

देवरावनं पुन्हा हिशेब केला. निम्म्याएवढा माणूस म्हणजे दोनशे मीटर. समोर दोनशे मीटरवर पाणी होतं, दोन पुरुष खोल. त्यानं डोकं वर केलं. तलाव सपाट पडला होता. त्याच्यावर ना नाव, ना डोंगा. पुन्हा डोळा लावला. घोंगडी तिथंच होती, आणि ओल्या लोकरीचा वास आता पेटीबाहेरही येत होता.

देवराव भुताखेतांच्या घरात वाढला नव्हता. छप्पन साली बापाचं बोट धरून तो दीक्षेच्या मैदानावर गेला होता. घरातले देव त्याच दिवशी गेले आणि त्यांच्यामागून अंगात येणं, उतारे, मुंजे सगळं गेलं. दिसतं ते मोजायचं, मोजलेलं तपासायचं, हे त्याच्या अंगात मुरलेलं होतं. म्हणून तो पळाला नाही. पण त्याच्या मनात एक गोष्ट पक्की बसली. जे काही होतं ते पाण्याच्या बाजूनं येत होतं, आणि त्याच्या घरात एक बाई होती जिचं काळीज एका मोठ्या आवाजानंही बंद पडलं असतं.

"पुष्पा, तू आणखी मागं बस वं," तो म्हणाला.

"काहून? इथून घड्याळ नीट दिसते."

"तळ्याची हवा गार आहे. मागं बस."

त्यानं स्वतः उठून तिची खुर्ची मागं ओढली, बाभळींच्या बाजूला. तलावाकडच्या फाटकाला कुलूप घातलं. पुष्पलता हसली. "धूमकेतू फाटकातून येऊन राहिला का?" देवरावलाही हसावं लागलं. ढग गेले नाहीत.

चौथ्या संध्याकाळी तो माणूस गोलात कसाबसा मावत होता. पाय खालच्या कडेला, डोकं वरच्या. शंभर मीटर, म्हणजे अलीकडचा काठ. चेहऱ्याच्या जागी घोंगडीची सावली होती. देवरावनं एका हातानं भिंगावर झाकण लावलं आणि दुसऱ्या हातानं, मागं न पाहता, बायकोला खूण केली... आणखी मागं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती कारण न विचारता मागं सरकली होती. त्याच्यावर तिचा इतका भरवसा होता.

पाचव्या दिवशी आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं. देवरावला नेमकी संध्याकाळची बॅच होती. प्रयोगही तोच दरवर्षीचा. मेणबत्ती, मधे भिंग, पलीकडे पांढरा पडदा. पडद्यावर ज्योत उलटी उमटते आणि पोरं दरवर्षी तशीच खूश होतात.

"सर, भिंगात पाहा ना," एक मुलगी म्हणाली. "पडद्यावर ज्योत उलटी दिसते, पण भिंगाच्या काचेवर खिडकी दिसून राहिली. सरळ."

"ती तुझ्या पाठीमागची खिडकी आहे," देवराव म्हणाला. हे उत्तर तो बारा वर्षं देत होता. "भिंगाच्या पलीकडचं ते उलटं दिसते. काचेवर नुसतं चमकते ते आपल्या मागचं असते. म्हणून ते सरळ..."

वाक्य तिथंच राहिलं. त्याच्या डोळ्यांसमोर तो गोल आला. बांध वर, झाडं खाली डोकं करून लोंबणारी, आणि त्यांच्या शेजारी तो माणूस... पाय खाली, डोकं वर. माणूस सरळ उभा होता, यात खटकण्यासारखं काय, म्हणून त्याला तीन दिवस खटकलंच नव्हतं. पाण्यावर काही नव्हतंच. जे होतं ते बाभळींकडून येत होतं. आणि तो रोज पुष्पलताची खुर्ची उचलून त्याच्या वाटेत नेऊन ठेवत होता.

भिंतीला चिकटवलेली मार्तंडरावांची खुर्ची त्याला आता समजली.

कॉलेजपासून फुटाळ्यापर्यंत तो कसा आला हे त्याला पुढं कधीच आठवलं नाही. अंधार पडला होता. अंगणात आला तेव्हा दुर्बीण लावलेली होती आणि पुष्पलता एकटी बुटक्या स्टुलावर बसून डोळा लावून होती. पाठ उघड्या रानाकडे. लाल टॉर्च पाटावरच्या नकाशावर पडली होती आणि बटन कृत्तिकांपासून साडेतीन घरांवर होतं.

"आले का?" ती हळूच म्हणाली. डोळा काढला नाही. "सापडला हो... मीच शोधला. काचेवर कोणी श्वास टाकावा, तेवढाच आहे. पण आहे."

तिच्या आवाजात एवढं सुख होतं की देवरावच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला ओढून आत न्यावं, दुर्बीण तळ्यात फेकावी, असं त्याला वाटत होतं. पण ओढाओढीनंच ते काळीज थांबलं असतं. आणि हे एकच मागणं होतं तिचं.

"कडेनं काहीतरी काळं येऊन राहिलं मात्र," ती म्हणाली. "विणल्यासारखं... घोंगडी डोळ्याशी धरली का दोरे दिसतात ना, तसं. धूमकेतू झाकत चाललं ते."

दोरे दिसतात. एक अंश म्हणजे हातभर अंतरावर जेमतेम एका नखाची जागा. देवरावला हिशेब करायचा नव्हता, पण तो आपोआप झाला.

"हलू नको," तो म्हणाला. "पाहत राहा. मी मागं बसतो."

त्यानं वेताची खुर्ची बाजूला लोटली, पाट ओढला, आणि तिच्याकडे पाठ करून, तिच्या पाठीला पाठ लावून बसला. तोंड रानाकडे. वास इतका दाट होता की श्वास घेववेना. समोर कोणी नव्हतं. बाभळींवर मावळतीचे तारे होते, खाली क्षितिजापर्यंत... फक्त मधे, एका माणसाच्या रुंदीएवढे, नव्हते. त्यानं हात पुढं केला असता तर पोचला असता. त्यानं हात मांडीखाली दाबून ठेवले आणि त्या बिनताऱ्यांच्या जागेकडे पाहत राहिला. पाठीला पुष्पलताचं काळीज लागत होतं, ते अडखळतं, मधेच एक ठोका चुकवणारं. तो चुकलेला ठोका परत येईपर्यंत तो प्रत्येक वेळी मरत होता.

"गेलं," बऱ्याच वेळानं ती म्हणाली. "आता स्वच्छ आहे."

"पोटभर पाहून घे."

तिनं पोटभर पाहिलं. आजीबद्दल बोलली, शाळेतल्या पोरांना काय सांगायचं ते बोलली. रानावरचे तारे एकेक करून परत आले तरी देवराव हलला नाही. ती उठली तेव्हा तोही तिच्याबरोबरच उठला, पाठ न सोडता, आणि तसाच उलटा चालत तिच्यामागून घरात गेला. "काय पोरखेळ करून राहिले," ती म्हणाली, पण तिला ते आवडलं होतं.

दुर्बीण दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या कपाटात गेली. आयपीस त्यानं फडक्यात गुंडाळून वेगळा, कुलपात ठेवला. डिसेंबरात वेल्लोरला ऑपरेशन झालं आणि चांगलं झालं. नवी झडप टिकटिक वाजायची. रात्री शांततेत ती ऐकू आली की देवरावला झोप लागायची. जानेवारीत ते घरी परतले. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं, म्हणून पुष्पलताची खाट त्यानं खोलीत मागच्या भिंतीला, बाभळींकडच्या भिंतीला लावली. उशाशी भिंत असली की त्याला निर्धास्त वाटायचं. तो स्वतः दाराजवळ झोपायचा, पाठ दुसऱ्या भिंतीला लावून. जे काही होतं ते आपल्या पाठीशी लागलं असेल तर लागो, आपण सांभाळू, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. तो पुढ्यात बसला होता ना त्याच्या.

महिनाअखेरीस एका संध्याकाळी तो घरामागं पडलेली वाळलेली लाकडं आणायला गेला. दिवाळीचा चुना अजून तसाच पांढरा होता. त्याच्या झोपायच्या जागेमागची भिंत कोरी होती. ती त्यानं आधी पाहिली. मग मागच्या बाजूला वळला.

तिथं, उंच माणसाचे खांदे येतील त्या उंचीवर, चुना घासून गुळगुळीत झाला होता. खाली जमिनीवर चुन्याची ताजी भुकटी पडली होती. खुराचा ठसा नव्हता, शेण नव्हतं, आणि रानाकडचं काटेरी कुंपण कुठं मोडलेलं नव्हतं. त्या जागेच्या आतल्या बाजूला काय होतं, हे त्याला मोजावं लागलं नाही.

"गाय घासून गेली असन," आतून पुष्पलता म्हणाली. ती खिडकीतून त्याच्याकडे पाहत होती.

देवराव आत आला. त्यानं खाट भिंतीपासून ओढली, खोलीच्या मधोमध आणली आणि तिथंच थांबला. खाट मधोमध ठेवली तर तिची पाठ उघडी पडत होती. भिंतीला लावली तर भिंतीपलीकडे... तो बराच वेळ खाटेचा पाय धरून उभा राहिला.  खोलीत फक्त तिच्या नव्या झडपेची टिकटिक होती.

शेवटी त्यानं खाट पुन्हा होती तिथं लावली, फक्त हातभर जागा सोडून, आणि त्या जागेत शिरून भिंतीला पाठ टेकून बसला, तिच्या उशाशी. रात्रभर बसायचं, आणि उद्याही, आणि परवाही, हे तेव्हाच ठरून गेलं.

"थंडी वाजन हो तिथं," पुष्पलता झोपेत म्हणाली. "भिंत गार असन."

बाहेर जानेवारीची थंडी पडली होती. देवरावनं पाठ आणखी घट्ट टेकवली. भिंत कोमट होती.